घरातल्या मोठ्यांची औषधं: सोलापूरकरांचे अनुभव

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असलं की बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघे अशी पाच-सहा औषधं सहज जमतात. आपण रोज एकच विचारतो, "गोळी घेतली का?" कुठली घेतली, कशासोबत घेतली, सकाळचीच परत घेतली का, हे विचारायचं राहतं. राहून गेलेल्या गोळीची आपल्याला काळजी असते, पण दोनदा पोटात गेलेली गोळीही तितकाच घात करते. तुमच्या घरी काय घडलं आणि कुठली पद्धत बसली ते मोकळेपणाने लिहा. डोस कमी-जास्त करण्याचा सल्ला मात्र इथे कुणी कुणाला देऊ नये.

सून, जुळे सोलापूर

सासूबाईंना नेहमीच्या डॉक्टरांची बीपीची गोळी चालू होती. मध्ये छातीत दुखलं म्हणून ॲडमिट केलं, घरी सोडताना नवी औषधं लिहून दिली. आठवड्याभरात उठलं की चक्कर, भिंत धरून चालणं सुरू झालं. शेवटी जुन्या-नव्या सगळ्या स्ट्रिप ताटात काढल्या. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांवर खाली बारीक अक्षरात एकच औषध छापलेलं: टेल्मिसार्टन. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक बंद केली आणि चक्कर थांबली.

आता देवघराशेजारी एक वही आहे. गोळीचं नाव, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, केव्हा, कशासाठी, कुणी दिली. बंद झालेल्या गोळीवर तारखेसह काट मारायची आणि उरलेली स्ट्रिप त्याच दिवशी घराबाहेर. वहीच्या पानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी तो दाखवायचा.

नात, विडी घरकुल

आमची नानम्मा तेलुगू बोलते, वाचता कुठलीच भाषा येत नाही. गोळी ती रंगावरून ओळखते. जनऔषधी केंद्रातून औषधं आणायला लागलो तेव्हा पैसे वाचले, पण बीपीची गोळी गुलाबीची पांढरी झाली. नानम्माने ती परकी समजून डब्यात तशीच ठेवली. कुणाला काही बोलली नाही. बीपी वाढलेलं निघालं तेव्हा कळलं.

बाबा यंत्रमागावर कामाला. त्यांनी रंगीत सुताचे तुकडे आणले. सकाळच्या स्ट्रिपला पिवळं सूत, रात्रीच्या स्ट्रिपला निळं. स्ट्रिपच्या कोपऱ्याला भोक पाडून गाठ मारायची. गोळीचा रंग बदलला तरी सूत तेच. नवी स्ट्रिप आली की बाबा ती नानम्माच्या हातात देऊन तेलुगूत सांगतात, हीच तुझी बीपीची, कंपनी बदललीय. गाठ ती स्वतः मारते.

औषध दुकानदार, विजापूर रोड

माझ्या काउंटरवर रोज दिसणारं लिहितो. गुडघा धरला, कंबर धरली की लोक चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी मागतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या साध्या गोळ्या नाहीत. बीपीची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि ही दुखण्याची गोळी एकत्र पोटात गेली तर म्हाताऱ्या माणसाची किडनी बसू शकते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, तेव्हा धोका वाढतो. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मी आधी विचारतो, बाकी काय चालू आहे? गिऱ्हाईक चिडलं तरी विचारतो.

दुसरं, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. वर तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या 8 गोळ्या. वय झालेल्या, वजनाने कमी किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांची मर्यादा त्याहून कमी, ती डॉक्टरच ठरवतील. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन म्हाताऱ्यांना गुंगी आणतं, भ्रम होतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते.

आणि स्ट्रिप कापताना एक्स्पायरी छापलेला भाग शेवटपर्यंत राहू द्या.

मुलगा, सध्या पुण्यात (आई-बाबा होटगी रोडला)

आषाढी एकादशीची गोष्ट. बाबांचा कडक उपवास, नुसतं पाणी. शुगरची ग्लिमेपिराइड मात्र शिस्तीत घेतली, कारण गोळी चुकवायची नाही असं आम्हीच बजावलेलं. दुपारी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं भलतंच. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मशिनवर तपासलं, शुगर 54. त्यांनी लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग पोटात अन्न घातलं. बाबा शुद्धीवर होते म्हणून तोंडाने देता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

बाबांची श्रद्धा मोडायची नाही. उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारतो की त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही. ते कागदावर लिहून घेतो. हुतात्मा एक्स्प्रेसने आलो की तो कागद आधी बघतो.

भाची, साखर पेठ

थोडक्यात लिहिते, पण कृपया वाचा. मावशीला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलेलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. औषधाच्या पाकिटावर कुणीतरी रोजच्यासारखं 1-0-0 लिहून दिलं. मावशी रोज घेत राहिली. तोंडभर फोड आले, पांढऱ्या पेशी घसरल्या, ॲडमिट करावं लागलं. आता ती गोळी रोजच्या डब्यात जातच नाही. वेगळी डबी, तिच्यावर ठळक अक्षरात "फक्त गुरुवार".

जावई, दमाणी नगर

इन्सुलिनबद्दल. न उघडलेलं फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं फेकून द्यावं. चालू असलेलं बहुतेक इन्सुलिन चार आठवडे बाहेर चालतं, पण ते तीस अंशांपर्यंत. मे महिन्यात इथे घरातच त्याहून जास्त तापतं. लाइट गेली की आम्ही बाटली छोट्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवतो.

निवृत्त शिक्षिका, सात रस्ता

मी स्वतः बहात्तर वर्षांची, औषधं घेणारी. वरचे सगळे अनुभव मुला-सुनांचे आहेत, म्हणून आमच्या बाजूचं सांगते. माझा आठवड्याचा डबा रविवारी मी भरते, सून फक्त नजर टाकते. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर पाण्यासोबत, चहा तासाभराने. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर, कारण दोन्हींत चार तास तरी अंतर लागतं. हे मला कुणी नीट समजावलं म्हणून मी पाळते. "आई, तुम्ही फक्त घ्या" म्हटलं असतं तर पाळलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टर माझ्याऐवजी मुलाशी बोलतात, तेव्हा मी सांगते, मलाच सांगा. पाय सुजायला लागले तेव्हा मीच विचारलं, हे चालू गोळीने तर नाही ना? बीपीच्या अम्लोडिपिनने तशी सूज येऊ शकते. सुजेसाठी आणखी एक गोळी वाढवण्याऐवजी त्यांनी तीच बदलली. विचारल्याशिवाय हे झालं नसतं. मुलांनो, तुमच्या आई-वडिलांना विचारू द्या.

मुलगी, अशोक चौक

अनुभव नाही, प्रश्न आहे. पॅरालिसिसनंतर बाबांना गोळी गिळता येत नाही. कुटून मधातून दिली तर चालेल का?

औषध दुकानदार, विजापूर रोड

ताई, सरसकट कुटू नका. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असेल तर दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. पोटात न विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्याही कुटायच्या नसतात. काही औषधं पातळ मिळतात, ती बदलून देता येतात का हे डॉक्टरांना विचारा. बाबांना साधं पाणी पितानाही ठसका लागत असेल तर तेही त्यांना सांगा. सगळ्या स्ट्रिप घेऊन दुकानात आलात तर कुठल्या कुटता येत नाहीत ते वेगळ्या काढून देतो.