मदत हवी आहे: काळ्या मातीतल्या रेन गार्डनला तळाशी पाइप कुठे टाकावा?

नमस्कार मंडळी. पुण्यात सोसायटीच्या आवारात नमुना म्हणून रेन गार्डन (गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून जमिनीत मुरवणारा, झाडं लावलेला खड्डा) करायचं आहे, शेजारच्या सोसायट्यांना प्रत्यक्ष बघता यावं म्हणून. गच्ची २०० चौ. मी. २५ मिमी पावसाचं साधारण ४,५०० लिटर पाणी येतं. खड्डा २० चौ. मी., पाणी साठण्याची खोली २० सेंमी, म्हणजे ४,००० लिटर. जास्तीचं सांडव्यातून पावसाळी गटारात. इमारतीपासून अंतर ५ मीटर.

खरी अडचण मातीची. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत पाणी झपाट्याने जिरतं, पण ती चाचणी फसवी असते; माती फुगली की भेगा मिटतात. खड्डा आदल्या दिवशी भरून, माती पूर्ण भिजवून मोजलं तर तासाला जेमतेम ३ मिमी. म्हणजे २० सेंमी जिरायला जवळपास तीन दिवस, आणि जुलैत तेवढी उघडीप मिळत नाही.

म्हणून वर ६० सेंमी मिश्रण (वाळू ६०, कंपोस्ट २०, माती २० टक्के), खाली २० सेंमी खडी आणि तिच्यात न मुरलेलं पाणी बाहेर काढायला ११० मिमीचा छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप, असं ठरवलंय.

पाइप खडीच्या तळाशी ठेवावा की काही सेंमी वर? वर ठेवला तर खालचं पाणी जमिनीत मुरतं. माझा कल तिकडेच आहे. पण माती सतत ओली राहून इमारतीच्या पायाला धोका होईल का? मिश्रणात क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) धुऊन वापरली तरी भुकटीने थर चोंदतो का? आणि वाळा, कर्दळ सोडून जुलैचं पाणी आणि एप्रिलचं ऊन दोन्ही सोसणारं काय लावावं?