घरशाळेचे पहिले वर्ष : पुण्यातील आमचा अनुभव

घरी शिकणारी मुले पुढे दहावीचे प्रमाणपत्र कोठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. गेल्या जूनमध्ये सात आणि पाच वर्षांच्या मुलींना घरीच शिकवायचे ठरवले, तेव्हा आम्हालाही तोच पडला होता. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि त्याआधी तिसरी, पाचवी व आठवीला समकक्ष असे तीन स्तर आहेत, हे कळल्यावर ती चिंता मिटली.

खरी कसोटी दिवसाच्या आखणीची होती. सुरुवातीचे तीन महिने मी घराचीच शाळा करू पाहिली आणि अकरा वाजेपर्यंत धाकटी रडवेली होऊ लागली. दिवाळीनंतर सकाळची प्रार्थना व शास्त्रवाचन तेवढे ठरावीक ठेवले. मोठी बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातली, शंभरांतून हरवलेल्या एका मेंढराची बोधकथा अक्षरांवर बोट ठेवून वाचते, जोडाक्षरापाशी थांबते, पुन्हा वाचते. मग त्याच शंभर मेंढरांची वजाबाकी आम्ही चिंचोक्यांवर करतो. धाकटीने एकदा नव्याण्णव चिंचोके बाजूला सारून उरलेला एक मुठीत घट्ट धरला आणि जेवायला बसेपर्यंत सोडला नाही.

सोबत्यांसाठी चर्चची रविवारची शाळा आणि सोसायटीचे अंगण आहे. सासूबाईंची नाराजी मात्र अधिक काळ टिकली. पंडिता रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आईनेच शिकवले होते, याची आठवण मी करून दिली. तेव्हापासून मराठी श्रुतलेखन त्या स्वतः घेतात.