दिवा घेतलेली स्त्री रविवर्म्याची नव्हे

नाशिकहून म्हैसूरला निघालेल्यांना कुणीतरी सुचवलंय, जगनमोहन राजवाड्यातली रविवर्म्याची दिवा घेतलेली स्त्री चुकवू नका. चुकवू नयेच, पण ते चित्र आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. रविवर्मा १९०६ मध्येच वारले. हे १९४० च्या दशकातलं.

शिवाय ते जलरंगात आहे, आणि खरं कौतुक तिथेच. तैलरंगात उजेड शेवटी पांढऱ्या रंगाने चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तो कागद कोरा राखूनच मिळतो. एकदा गडद थर बसला की तो उजेड गेला. ज्योतीआड धरलेल्या हाताच्या बोटांमधली लाली नीट बघा. काचेत प्रतिबिंब आलं तर पाऊलभर बाजूला सरका. फ्लॅश अजिबात नको, उजेडाने जलरंग कायमचे फिके पडतात.