नवा छंदच हवा असं काही नाही
‘निवृत्तीनंतर नवा छंद लावून घेतला नाही तर माणूस खचतो’ हे मत मला अर्धंच पटलं. म्हातारपणाचा अभ्यास करणारे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७५ पासून अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावातल्या पन्नाशीपुढच्या लोकांचा वीसेक वर्षं पाठपुरावा केला. बहुतेकांनी नवं काही धरलं नव्हतं. जुन्याच आवडी, जुनीच माणसं, प्रकृती झेपेल तसं थोडं कमीजास्त करून, आणि त्यांचं बरं चाललं होतं.

पुढे याच पाहणीतल्या ६६० जणांची माहिती वापरून संशोधक बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये दाखवलं की स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे साधारण ७.५ वर्षं जास्त जगले. वय, पैसा, एकटेपणा, प्रकृती हे सगळं हिशेबात धरूनही. नजरेमुळेच आयुष्य वाढलं, असं मात्र एवढ्यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही.