'सॅलरी' आणि मिठाची गोष्ट: वर्गात सांगावी का?

शब्दवेडा
रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं, त्यावरून 'सॅलरी' आली, असं मुलांना सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते हे बंद व्हायला हवं. लॅटिन 'सालारियुम' हा शब्द 'साल' म्हणजे मिठावरून आला, इथवर ठीक. पण पगारात मीठ मोजून दिल्याचा एकही प्राचीन पुरावा नाही. सैनिकांच्या पगाराला शब्दच वेगळा होता, 'स्टिपेंडियुम'. पहिला रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या पायदळ सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस मिळत, म्हणजे चांदीची नाणी, तीन हप्त्यांत. इंटर्न डॉक्टरांचा 'स्टायपेंड' तिथूनच आलाय.

कोकणमास्तर
सहमत नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी, त्यानेच मीठ आणि सालारियुमची सांगड घातली आहे. मी इंग्रजी शिकवतो. 'लॅटिन मूळ' म्हटलं की मुलं जांभया देतात, मिठाचं नाव काढलं की मागच्या बाकावरचेही कान टवकारतात. थोडं सैल सोडलं तर बिघडलं कुठे?

शब्दवेडा
सर, प्लिनी मिठावरून शब्द पडला एवढंच म्हणतो, पगार मिठात दिला असं नाही. आणि गोष्टच हवी तर खऱ्या काय कमी आहेत? रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर जुनो मोनेटा देवीचं देऊळ होतं, त्याच्या लगतच टांकसाळ. देवीच्या या नावावरून 'मनी' आणि 'मिंट' (म्हणजे टांकसाळ) दोन्ही आले. 'फिस्कल डेफिसिट' बातम्यांत रोज ऐकतो. 'फिस्कुस' म्हणजे पैसे ठेवायची विणलेली टोपली. 'पेक्युनियरी' म्हणजे पैशासंबंधीचं, त्याच्या मुळाशी 'पेकुस' आहे, गुरंढोरं. संस्कृत 'पशु' त्याचाच भाऊबंद. गोधन म्हणणाऱ्या घरातल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

वाचक_पुणे
एक राहून जातंय. 'मिंट' फार आधी आला, पण बाकीचे बरेचसे १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे आले. 'डेट' म्हणजे कर्ज, हा शब्द घ्या. फ्रेंचमधून आला तेव्हा त्याच्या स्पेलिंगमध्ये 'बी' नव्हता. लॅटिन 'डेबितुम'शी नातं दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसवला, उच्चारात कधीच उतरला नाही. स्पेलिंग घोकणारी पोरं अजून ते ओझं वाहताहेत. मला या लॅटिनप्रेमाचं कौतुक वाटत नाही.

कोकणमास्तर
'डेट'चं उदाहरण उद्याच घेतो. मीठ मात्र सोडणार नाही. 'असं म्हणतात' एवढं जोडेन.

शब्दवेडा
'असं म्हणतात' मुलं विसरतात, मीठ लक्षात ठेवतात आणि उत्तरपत्रिकेत तेच लिहितात. माझा विरोध त्यालाच आहे.