वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटचे रिपोर्ट: बंदी हवी का?

गोदाकाठ: माझं मत, पूर्ण बंद. रिपोर्टच्या फोटोवर नाव, वय, निदान सगळं असतं. ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेल्या सिस्टरही असतात. फोटो आपोआप गॅलरीत उतरतो, तिथून, बॅकअप चालू असेल तर, गूगल फोटोजवर. मग ग्रुपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करा नाहीतर काही करा, बॅकअपमधली प्रत तिथेच. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षा न राखल्यास दंड 250 कोटींपर्यंत, आणि तो रुग्णालयाला, वॉर्डबॉयला नाही.

रात्रपाळी: बंदी कागदावरच राहणार. रात्री अडीचला छातीत दुखणारा पेशंट येतो, कार्डिओलॉजिस्ट गंगापूर रोडला घरी. ईसीजी दहा मिनिटांत काढून वाचला गेला पाहिजे. जिवावरच्या प्रसंगी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा त्याच कायद्यात आहे. ग्रुपवर टाकू नका, थेट डॉक्टरला पाठवा, नाव झाकून, फक्त बेड नंबर लिहून. मीडिया व्हिजिबिलिटी (फोटो गॅलरीत दाखवणारी सेटिंग) बंद, मेसेज 24 तासांत गायब.

गोदाकाठ: बेड 7 आयसीयूतही असतो आणि जनरललाही. शिफ्टिंग झालं की उपचार भलत्याचेच! नाव झाकायचं तर आयपी नंबर (भरती पेशंटचा नोंदणी क्रमांक) आणि वय, दोन्ही हवेत. आणि 24 तासांत मेसेज गेल्यावर फोनवर दिलेली ऑर्डर कुठे शोधणार? केसपेपरवर वेळ टाकून उतरवली नसेल तर मेडिकोलीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या केसमध्ये हात वर.

रात्रपाळी: आयपी नंबरचं मान्य. ऑर्डर उतरवायची ती तशीही उतरवायचीच, त्यात व्हॉट्सॲपचा काय दोष?

एमआरडी_टेबल: दोघं फोनवरच अडलात. कॅज्युअल्टीच्या कॉम्प्युटरला सगळ्यांचं एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. शेजारच्या गल्लीतल्या बाईची फाइल कुणी उघडली हे लॉगमध्ये कळणारच नाही, सगळीकडे एकच नाव. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या, पाच मिनिटांत स्क्रीन लॉक, आणि नोकरी सोडताना एचआरच्या नो ड्यूज फॉर्मवर आयटीची सही झाल्याशिवाय शेवटचा पगार नाही. आठवड्याला एकदा, दुसऱ्या वॉर्डातून उघडलेल्या फाइलींची यादी मेट्रनकडे, म्हणजे मुख्य सिस्टरकडे. फाइलच्या कव्हरवर लाल शाईत 'रिॲक्टिव्ह' (म्हणजे एचआयव्ही तपासणी पॉझिटिव्ह) लिहिणं तर आजच थांबवा. ग्लोव्हज सगळ्यांसाठीच घालायचे असतात, आणि एचआयव्हीची गोपनीयता 2017 च्या कायद्यानं बांधलेली आहे.

रात्रपाळी: एका कॉम्प्युटरवर तीन सिस्टर. दर वेळी पासवर्ड टाकायचा तर लॉगिन पुन्हा एकीचंच उघडं राहणार. बोटाचा ठसा किंवा टॅप कार्ड द्या, मग नियम सांगा.

एमआरडी_टेबल: ठसा ग्लोव्हजमध्ये चालत नाही. कार्ड घ्या, पण गळ्यातल्या आयडीतच. सुटं दिलं की ड्रॉवरमध्ये पडून राहतं आणि सगळ्याजणी तेच टॅप करतात.