ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी भत्ता) क्लेम शेवटच्या पगाराआधी करावा की नंतर?

मिडलँड्सकर (१७ जून २०२५)
नोकरी १३ जूनला गेली. शेवटचा पगार नेहमीप्रमाणे २८ तारखेला, शिल्लक रजेच्या पैशांसकट सुमारे २,४०० पौंड हातात येतील. रिडंडन्सीचे (कामावरून कमी केल्याची भरपाई) १,८०० वेगळे. दोघांकडेही आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) आहे, जोडीदाराला सध्या उत्पन्न नाही, मूल ४ वर्षांचे. भाडे ९०० पौंड, ते एलएचएच्या (भाड्यासाठी मिळणाऱ्या मदतीची स्थानिक कमाल रक्कम) मर्यादेत बसते. बँकेत १,५०० आहेत. एक जण म्हणतो, पाच आठवडे लागतात, आजच क्लेम टाक. दुसरा म्हणतो, आधी पगार येऊ दे. कुणाचे ऐकायचे? आणि पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे, त्यात आईवडील राहतात. त्याचा काही संबंध येतो का?

पेरोलवाली
दोघांचेही अर्धे खरे आहे. आकडेमोड केली की उत्तर निघते.

ज्या दिवशी क्लेम सबमिट होतो, त्या दिवशी पहिला असेसमेंट पीरियड (उत्पन्न मोजण्याचा महिना) सुरू होतो. तो कॅलेंडरचा एक महिना चालतो आणि पैसे त्यानंतर सात दिवसांनी येतात. त्या महिन्यात हातात पडलेला पगार मोजला जातो, मग तो कधीच्या कामाचा का असेना. क्लेमच्या आधी आलेला पगार उत्पन्न म्हणून मोजत नाहीत.

२०२५-२६ च्या दरांनी तुमची कमाल रक्कम: जोडप्याचा स्टँडर्ड अलाउन्स (मूळ भत्ता) ६२८.१० (एक जण तरी २५ च्या पुढचा धरून), मुलाचे २९२.८१, भाडे ९००. एकूण १,८२०.९१.

आज क्लेम केला तर पीरियड १७ जून ते १६ जुलै. २,४०० त्यात पडतात. मूल आणि भाडे दोन्ही असल्याने वर्क अलाउन्स (जेवढ्या कमाईवर कपात नाही ती रक्कम) ४११. उरलेल्या १,९८९ चे ५५ टक्के, म्हणजे १,०९३.९५ कापले जातात. २३ जुलैला ७२६.९६ मिळतील.

२९ जूनला क्लेम केला तर पीरियड २९ जून ते २८ जुलै, पगार शून्य, ४ ऑगस्टला पूर्ण १,८२०.९१.

पण थांबणे फुकट नसते, आणि सल्ले देणारे बहुतेक लोक हेच विसरतात. तुमचा एक दिवस ५९.८७ पौंडांचा आहे (१,८२०.९१ गुणिले १२, भागिले ३६५). बारा दिवस थांबलात तर ७१८ गेले, १,०९४ वाचले. निव्वळ फायदा सुमारे ३७५. तुमच्या बाबतीत ही तडजोड साधारण १८ दिवसांपर्यंत परवडते. पगार त्याहून लांब असता तर आजच क्लेम करा म्हणाले असते.

दोन इशारे. २८ लाच क्लेम करू नका, त्या दिवशी आलेला पगार पहिल्या पीरियडमध्येच धरतात. आणि क्लेमची तारीख मागे नेणे म्हणजे बॅकडेटिंग फक्त एक महिन्यापर्यंत, तेही आजारपण वगैरे ठरावीक कारणांसाठीच होते. ‘पगाराची वाट पाहत होतो’ हे कारण त्यात नाही.

नियमावली
हिशोब बरोबर आहे. पण २९ तारीख मला पसंत नाही. पुढच्या नोकरीचा पगारही महिनाअखेरीस असण्याचीच शक्यता जास्त, आणि असेसमेंट पीरियडची तारीख एकदा बसली की बसली. पीरियड २९ ते २८ आणि पगार २८ ला, म्हणजे काठावरचे गणित. समजा पगार महिन्याच्या ३० तारखेला आहे आणि सुट्टीमुळे एखाद्या महिन्यात २८ ला जमा झाला, तर एकाच पीरियडमध्ये दोन पगार आणि पुढच्यात शून्य. शून्याच्या महिन्यात वर्क अलाउन्स वाया जातो. भाडे असेल तर ४११ चे ५५ टक्के म्हणजे २२६ पौंडांचा फटका. डिसेंबरात नाताळाआधी पगार करणाऱ्या कंपन्यांत हे होऊ शकते. ३ किंवा ४ जुलै धरा.

पेरोलवाली
५ दिवस आणखी थांबायचे म्हणजे ३०० पौंड आज सोडायचे, तेही मिळेल न मिळेल अशा नोकरीच्या पगाराच्या तारखेसाठी! दोन पगारांच्या प्रश्नावर अपील कोर्टाने जून २०२० मध्ये चार एकट्या आयांच्या बाजूने निकाल दिला (जॉन्सन खटला). त्यानंतर १६ नोव्हेंबर २०२० पासून नियम ६१(६) आला. मासिक पगार असेल तर दोनपैकी एक पगार दुसऱ्या पीरियडमध्ये हलवता येतो. जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातले संदेश) नियमाचा क्रमांक घालून मागायचे, नाही ऐकले तर महिन्याच्या आत मँडेटरी रीकन्सिडरेशन (निर्णयाच्या फेरविचाराची मागणी). दर चार आठवड्यांनी किंवा आठवड्याला पगार असेल तर मात्र ही सोय नाही.

नियमावली
मान्य, मासिक पगारवाल्याला २९ चालेल. मागणी करत बसायची तयारी हवी, एवढेच.

२९ धरत असाल तर शेवटच्या पगाराचा एफपीएस (मालकाचा पगाराचा अहवाल) सांभाळा. डीडब्ल्यूपीला (युनिव्हर्सल क्रेडिट देणारा सरकारी विभाग) बँकेतली तारीख आपोआप दिसत नाही, मालकाने एचएमआरसीला (कर विभाग) पाठवलेला अहवाल दिसतो. यंदा २८ जून शनिवार आहे, पैसे शुक्रवारी २७ लाच येतील. पेरोलने अहवाल उशिरा, समजा २ जुलैला पाठवला, तर क्लेमआधी मिळालेला पगार तुमच्या पहिल्या पीरियडमध्ये घुसतो. पेस्लिप आणि बँक स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. तसे झालेच तर ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’मधून आव्हान द्या. पी४५ (नोकरी सुटल्यावर मिळणारा कराचा कागद) नंतर एचएमआरसीकडून टॅक्स रिफंड आला तर तोही कमाई धरतात, ते बहुतेकांना पैसे कापले गेल्यावर कळते.

थांबण्याच्या दिवसांसाठी आजच दोन अर्ज करा:
– न्यू स्टाइल जेएसए (बेरोजगारी भत्ता). गेल्या दोन करवर्षांत पुरेसा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) भरला असेल तर २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ९२.०५, जास्तीत जास्त १८२ दिवस. बचत आणि जोडीदाराचे उत्पन्न बघत नाहीत. पहिले सात दिवस कोरडे जातात. युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झाल्यावर त्यातून पौंडाला पौंड वजा होते, पण आधीचे दिवस तुमचेच.
– काउन्सिल टॅक्स रिडक्शन (स्थानिक घरपट्टीतली सवलत). हा युनिव्हर्सल क्रेडिटच्या फॉर्ममध्ये नाही, काउन्सिलकडे वेगळा करावा लागतो.

क्लेमनंतर ॲडव्हान्स मिळतो, पण ते बिनव्याजी कर्ज आहे, २४ महिन्यांत फेडायचे. ४ ऑगस्टपर्यंत पगारावर निभत असेल तर उचलू नका.

एनआरओ_खाते
भांडवलाचे बघू या. रिडंडन्सी कमाई नाही, भांडवल. १,५०० + १,८०० + पगार धरूनही ५,७०० होतात, ६,००० च्या खाली, म्हणून कपात नाही. त्यावर प्रत्येक २५० ला महिन्याला ४.३५ कापतात आणि १६,००० च्या वर क्लेमच बसत नाही.

या मर्यादेत भारतातल्या गोष्टीही येतात: एनआरई-एनआरओ ठेवी, म्युच्युअल फंड, प्लॉट. ‘इथे कोण बघतंय’ या भरवशावर राहू नका. जाहीर न केल्यास पुढे सगळी रक्कम वसूल होते. फ्लॅट मात्र बहुधा वाचेल. जवळचा नातेवाईक तिथे स्वतःचे घर म्हणून राहत असेल आणि तो ब्रिटनच्या पेन्शन वयाचा (२०२५ मध्ये ६६) असेल किंवा आजारपणामुळे काम करू शकत नसेल, तर ते घर मोजत नाहीत. आईवडिलांपैकी एकाचे वय तेवढे असले तरी पुरते. जन्मतारखेचा कागद आणि त्याच पत्त्याचे आधार किंवा वीजबिल तयार ठेवा. फ्लॅट फॉर्ममध्ये लिहायचाच, सूट नंतर मागायची.

इतर वाचकांसाठी: एकालाच आयएलआर आणि दुसऱ्याच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स’ (सरकारी भत्ते न घेण्याची अट) असेल तर दर एकट्याचा मिळतो, पण दोघांचे उत्पन्न आणि बचत धरतात.

मिडलँड्सकर
आईचे वय ६८, कागद आहेत. जेएसए आणि काउन्सिलचा अर्ज टाकला. आता पेरोल म्हणते, रजेचे ४०० पौंड जुलैच्या पगारात देऊ. ते जूनमध्येच द्या म्हणून मागे लागू का?

पेरोलवाली
नको. ४०० तुमच्या ४११ च्या वर्क अलाउन्सच्या आत आहेत, कपात शून्य. मात्र उरलेला पगार २,००० होतो, म्हणजे आज क्लेम केला असता तर ८७३.९५ कापले गेले असते. थांबायची मर्यादा १८ वरून १४ दिवसांवर आली, तुमचे १२ अजून आत आहेत. २९ ला सकाळीच क्लेम करा आणि लिंकिंग कोड (दोघांचे क्लेम जोडणारा कोड) वापरून जोडीदाराचा भागही त्याच दिवशी पूर्ण करा.